अगदी थोडा वाकलेला प्रोटॉन कसा मोजायचा

माझे वडील भूकरमापक होते. तासगावच्या आसपास प्लेन टेबल घेऊन बांध मोजत त्यांची नोकरी गेली. मोजणीला गेले की पहिला तासभर ते साखळीला हात लावायचे नाहीत. गवतात जुने हद्दीचे दगड शोधत फिरायचे. शेतकरी वैतागायचा, "साहेब, मोजा की आता." वडिलांचं उत्तर ठरलेलं, "दगड हललाय का बघू, मग मोजू."

पुढे मी जिनिव्हाजवळ एलएचसीवर, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आपटवणाऱ्या प्रचंड यंत्रावर, प्रोटॉनचं प्रकीर्णन (टकरीनंतर त्यांचं वळणं) मोजायच्या कामाला लागले आणि तिथेही नव्वद टक्के वेळ दगड हललाय का हेच बघण्यात गेला. दरवर्षी नवी पोरं येतात, तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, पण असं मोजमाप कधी न केलेल्या माणसासाठी हे आहे.

आधी काय मोजायचं ते. दोन प्रोटॉन एकमेकांवर आपटून शेकडो कण उडतात, त्या टकरींचे फोटो पेपरात येतात. पण साधारण चारातली एक टक्कर अशी असते की दोन्ही प्रोटॉन शाबूत राहतात, नवं काही तयार होत नाही, फक्त दोघांची दिशा जराशी बदलते. ही इलॅस्टिक टक्कर. 'जराशी' म्हणजे किती? शंभर मायक्रोरेडियन धरा. त्या कोनात वळलेला प्रोटॉन एक किलोमीटर गेला तर सरळ रेषेपासून दहा सेंटिमीटर सरकलेला असेल. टकरीच्या जागेभोवती पाचमजली इमारतीएवढा डिटेक्टर उभा केला तरी हा प्रोटॉन त्याच्या मधल्या नळीतून, बीमच्या सोबतीनेच, निघून जातो. त्याला पकडायचं तर नळीबरोबर दोनशे मीटर चालत जायचं आणि बीमपासून काही मिलिमीटरवर डिटेक्टर धरायचा. एलएचसीवर हे दोन ठिकाणी झालं. फ्रान्समधल्या सेसी गावाजवळ पॉइंट ५ वर, सीएमएस प्रयोगाच्या शेजारी, टोटेम नावाच्या प्रयोगाने २२० मीटरवर केलं. पॉइंट १ वर ॲटलास प्रयोगाच्या अल्फा डिटेक्टरने सुमारे २४० मीटरवर केलं. मी पॉइंट ५ ची, म्हणून इथले आकडे बहुतेक तिथलेच आहेत.

ऑप्टिक्स आधी मागून घ्या

पहिलं काम, म्हणजे बीम दाबणाऱ्या-वळवणाऱ्या चुंबकांची मांडणी (ऑप्टिक्स) हवी तशी मागून घेणं, मोजणीच्या रनच्या कितीतरी महिने आधीचं. रोजच्या कामकाजात बीम टकरीच्या जागी जमेल तितका दाबून बारीक करतात. बीम टकरीच्या जागी किती दाबला ते सांगणारा बीटा-स्टार नावाचा आकडा तेव्हा अर्धा मीटर किंवा त्याहूनही कमी असतो. पण फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो. बीम बारीक झाला की त्यातल्या प्रोटॉनांचे कोन विस्कटतात, तीसेक मायक्रोरेडियनपर्यंत. आपल्याला वीस-पंचवीस मायक्रोरेडियनचं वळण बघायचं आहे, आणि प्रोटॉन आधीच तीसने वाकडा आला तर काय बघणार?

म्हणून आपण उलटं मागायचं. बीम जाड चालेल, प्रोटॉन एकमेकांना समांतर येऊ द्या. २०११ मध्ये टोटेमने बीटा-स्टार ९० मीटर घेतला. बीम ०.२ मिलिमीटर जाड झाला, पण कोनांचा पसारा अडीच मायक्रोरेडियनच्या आत आला. पुढे २०१२ मध्ये १००० मीटर आणि नंतर २५०० मीटरपर्यंत मजल गेली. याची किंमत म्हणजे टकरींचं प्रमाण कोसळतं आणि नवे कण शोधणाऱ्या मंडळींना त्या दिवसांचा काही उपयोग नसतो. त्यामुळे वर्षातून मोजकेच दिवस पदरात पडतात, आणि एखाद्या वर्षी तेही नाहीत. त्या दिवसांत मावसबहिणीचं लग्न आलं तर आहेर पाठवायचा.

९० मीटरच्या ऑप्टिक्सची दुसरी गंमत नीट समजून घ्या. उभ्या दिशेत चुंबकांची मांडणी अशी असते की एकाच कोनात निघालेले सगळे प्रोटॉन २२० मीटरवर एकाच उंचीवर येतात, मग ते जाड बीमच्या कुठल्याही कोपऱ्यातून निघालेले असोत. उंची भागिले 'परिणामी लांबी' केलं की कोन मिळाला. ही लांबी तिथे सुमारे २६३ मीटर आहे. आडव्या दिशेत ती जवळजवळ शून्य असते, म्हणून तिथे जागेऐवजी ट्रॅकचा उतार वापरावा लागतो, आणि त्यासाठीच एका बाजूला काही मीटरच्या अंतराने डिटेक्टरांची दोन ठाणी असतात.

भांडी

डिटेक्टर ज्यात बसतो त्याला रोमन पॉट म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्नच्या आयएसआर यंत्रावर रोमच्या गटाने ते पहिल्यांदा वापरले, म्हणून रोमन. मी आईला फोनवर 'भांडी' म्हणायचे. "रात्रपाळीला भांड्यांवर आहे." एवढं शिकवून पोरगी परदेशात भांड्यांवर आहे हे तिने शेजारी सांगितलं नाही.

हे भांडं म्हणजे पोलादी डबा. तो बीमच्या निर्वात नळीत घुसतो, पण नळीतली निर्वात पोकळी मोडत नाही. डिटेक्टर डब्याच्या आत, बीम बाहेर, आणि मध्ये दीडशे मायक्रॉनचा पातळ पत्रा. एका ठाण्यात तीन पॉट असतात: एक वरून येतो, एक खालून आणि एक बाजूने. टोटेमच्या प्रत्येक पॉटमध्ये सिलिकॉनच्या दहा चकत्या, प्रत्येकीवर ६६ मायक्रॉनच्या अंतराने ५१२ पट्ट्या, पाच चकत्या एका तिरप्या दिशेला आणि पाच त्याच्या काटकोनात. साध्या सिलिकॉनला कडेला निदान अर्धा मिलिमीटर आंधळी पट्टी असते. इथे सगळा खेळच कडेचा, म्हणून कडेला फक्त ५० मायक्रॉन आंधळे असलेले डिटेक्टर मुद्दाम बनवले गेले. अल्फावाल्यांनी सिलिकॉनऐवजी अर्ध्या मिलिमीटरचे चमकणारे तंतू एकावर एक रचले.

बोगद्यात हात लावायची वेळ तुमच्यावर क्वचित येईल. पण लावाल तेव्हा प्रत्येक केबलचं नाव स्वतः वाचा, दुसऱ्याने सांगितलेलं धरू नका. का, ते पुढे येईल.

बीम शिवायची रीत

लेखाचा खरा ऐवज इथे आहे.

पॉट मोटरने आत-बाहेर होतो. मोटर सांगते 'मी ६.४२० मिलिमीटरवर आहे', पण कशापासून? नळीच्या मधोमध असलेल्या एका मानलेल्या रेषेपासून. बीम त्या रेषेवर असेल याची कोणी हमी देत नाही. प्रत्येक भरणीत, म्हणजे यंत्रात नव्याने प्रोटॉन भरले की, तो थोडा सरकतो. म्हणजे दगड हललेला आहे हे धरूनच चाला.

तेव्हा बीमलाच विचारायचं. आधी कोलिमेटरच्या, म्हणजे बीमभोवतीच्या सरकत्या ठोकळ्यांच्या, जबड्यांनी बीमच्या कडा तासून घेतात, मग बीमला धारदार कड येते आणि ती मध्यापासून किती सिग्मावर (बीमच्या जाडीच्या मापात) आहे हे ठाऊक असतं. त्यानंतर एकेक पॉट दहा-वीस मायक्रॉनच्या पावलांनी आत आणायचा. पडद्यावर पुढच्या बाजूच्या बीम-लॉस मॉनिटरची, म्हणजे बीममधून निसटलेले कण मोजणाऱ्या यंत्राची, रेघ सपाट चाललेली असते. एक पाऊल, काही नाही. आणखी एक, काही नाही. हात दुखायला लागतो, कॉफी गार होते. आणि एका पावलाला रेघ टणकन वर उडते, मग हळूहळू खाली येते. पॉटने बीमची कड शिवली. त्याच क्षणी मोटरचा आकडा लिहायचा. वरच्याचा झाला की खालच्याचा. दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे बीमचा मध्य. असं दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पॉटसाठी करत गेलं की अख्खी पाळी जाते.

या कामात घाई करणारा माणूस मला चालत नाही. पावलं मोठी घेतली की कड कुठे शिवली ते तेवढ्याच मोठ्या अंतराने संदिग्ध राहतं, आणि पॉट जोरात बीममध्ये शिरला तर सुरक्षा यंत्रणा बीम बाहेर फेकून देते. मग नवी भरणी, पुन्हा पहिल्यापासून. एकदा पहाटे चारला आमची भरणी अशी गेली. कोणामुळे ते सांगत नाही, पण तेव्हापासून मी पाऊल दहा मायक्रॉनच्या वर नेलं नाही.

शिवून झालं की पॉट थोडा मागे घेऊन मोजणी सुरू. २०१२च्या १००० मीटरच्या रनमध्ये पॉट तीन सिग्मावर होते, म्हणजे बीमला अगदी खेटून. त्यासाठी कोलिमेटरने बीम दोन सिग्मापर्यंत तासून जबडे अडीचवर मागे घेतले होते, म्हणजे त्यांच्या कडेवरून उडणारा कचरा पॉटमध्ये येणार नाही. तासलेली कड कायम राहत नाही, तासाभरात पुन्हा भरते. मग मोजणी थांबवून पुन्हा तासायचं.

शिवण्यातून जागा अंदाजे कळते. पक्की होते ती डेटातून. उभ्या आणि आडव्या पॉटचे कोपरे एकमेकांवर थोडे चढतात. त्या चढलेल्या भागातून गेलेला एकच प्रोटॉन दोन्हींत खूण करतो आणि दोन्ही पॉट एकमेकांच्या सापेक्ष कुठे आहेत ते काही मायक्रॉनांत सांगून जातो. वर-खाली पडणाऱ्या इलॅस्टिक खुणांचा नकाशा बीमभोवती सममित असायला हवा. नसेल तर तुमचा मध्य चुकला. तीन रीतींनी तीन मध्य काढा आणि तिन्ही जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मिलिमीटरवरून कोन, कोनावरून टी

एक हिशेब हाताने करून बघा. २०११चा रन, प्रत्येक प्रोटॉनचा संवेग ३५०० जीईव्ही. खूण मध्यापासून ७ मिलिमीटर वर. ७ मिलिमीटर भागिले २६३ मीटर म्हणजे २६.६ मायक्रोरेडियन. गुणिले ३५०० म्हणजे ०.०९३ जीईव्हीचा उभ्या दिशेतला धक्का. त्याचा वर्ग ०.००८७. ही 'टी'ची, म्हणजे टकरीत बसलेल्या संवेगाच्या धक्क्याच्या वर्गाची, किंमत, जीईव्ही-वर्गात. चिन्ह ऋण, पण ते बोलण्यात कोणी उच्चारत नाही. आडव्या दिशेचा वाटा यात अजून मिळवायचा आहे.

आता मध्य ५० मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीएवढा चुकला असं धरा. कोनात ०.७ टक्के, टीमध्ये १.४ टक्के चूक. मोठ्या टीला हे खपून जातं. अगदी कडेच्या, लहान टीच्या खुणांना ते सर्वात जास्त लागतं, आणि आपलं उत्तर त्या कडेवरूनच निघतं.

ती २६३ मीटरची लांबीही जशीच्या तशी घेऊ नका. चुंबकांचा जोर कागदावरच्या आकड्यापेक्षा किंचित वेगळा असतो. टोटेमने इलॅस्टिक प्रोटॉनांकडूनच त्याची उलटतपासणी घेतली. डावा-उजवा कोन सारखाच हवा ही अट घालून चुंबकांचे आकडे जुळवले आणि ऑप्टिक्समधली अनिश्चितता पाव टक्क्याच्या आत आणली. ही युक्ती मला फार आवडते. ज्याला मोजायचं, त्यालाच साक्षीला उभं करायचं.

जोड्या लावणे

इलॅस्टिक टकरीत एक प्रोटॉन वर गेला तर दुसरा तेवढ्याच कोनात खाली जातो. म्हणून डावीकडचा वरचा पॉट आणि उजवीकडचा खालचा, किंवा डावीकडचा खालचा आणि उजवीकडचा वरचा, अशा दोन कर्णांत जोड्या शोधायच्या. दोन्हीकडच्या कोनांतला फरक काढून आलेख मांडा. शून्याभोवती अरुंद डोंगर आला पाहिजे. त्याची रुंदी भागिले दोनाचं वर्गमूळ म्हणजे बीमच्या कोनांचा पसारा. ९० मीटरला ३.४ मायक्रोरेडियनच्या आसपास रुंदी आली तर पसारा २.४ निघतो, आणि गाडी रुळावर आहे असं समजा.

माझ्या पहिल्या विश्लेषणात डोंगर आलाच नाही. दोन दिवस मी कर्णावर जोड्या शोधत होते आणि हाती येत होता नुसता पसरट ढीग. तिसऱ्या दिवशी वैतागून वर-वरच्या जोड्या काढल्या, तर सुंदर अरुंद डोंगर! दोन्ही प्रोटॉन वर गेले, संवेग अक्षय्यतेचा नियम मोडला. त्या आनंदात मी गाइडना रात्री अकराला मेल केला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "उजवीकडच्या वर-खालच्या केबलची नावं बघ." नावांच्या यादीत दोन ओळी उलटल्या होत्या, आणि यादी मीच टंकली होती.

खरोखरच्या वर-वर आणि खाली-खाली जोड्या मात्र फेकू नका. त्या इलॅस्टिक असूच शकत नाहीत, त्यामुळे त्यांतून कर्णावर किती कचरा घुसला असेल त्याचा अंदाज मिळतो.

दुरुस्त्या

इथे थोडक्यात आवरते, कारण ही कामं कंटाळवाणी आहेत आणि प्रत्येक गटाची आपापली पद्धत असते. एका कर्णावरच्या चार पॉटांपैकी (दोन्ही बाजूंना दोन-दोन) तिघांनी पाहिलं आणि चौथ्याने नाही, असं किती वेळा झालं ते मोजून कार्यक्षमता काढा. जवळच्या पॉटमध्ये प्रोटॉन आपटून फवारा उडाला तर मागचा पॉटही आंधळा होतो, हे वेगळं धरा. एकाच क्षणी दोन टकरी, डेटा लिहून घेताना गेलेला वेळ, बीमच्या पसाऱ्यामुळे विस्कटलेले कोन, हे सगळं ओघाने येतं.

भूमितीची दुरुस्ती मात्र स्वतः चित्र काढून समजून घ्या. एकाच कोनात वळलेले प्रोटॉन बीमभोवती वर्तुळात विखुरतात. आपल्याला त्या वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या कमानीच दिसतात. प्रकीर्णन सगळीकडे सारखं होतं, म्हणून दिसलेल्या कमानीवरून अख्खं वर्तुळ काढता येतं. टी लहान होत जाते तशी कमान आखडते आणि गुणक वाढत जातो. गुणक पाचाच्या वर गेला की मी टीचा तो खण (आलेखातला तो तुकडा) सोडून देते. काही जण सातपर्यंत जातात. त्यांची हिंमत.

शेवटचा आकडा

आता टीच्या प्रत्येक खणात किती प्रोटॉन, हा आलेख हातात आहे. लहान टीला तो घातांकी वेगाने उतरतो. २०११च्या ऑक्टोबरमधल्या ९० मीटरच्या डेटातून टोटेमने ही रेषा शून्यापर्यंत वाढवली तेव्हा उंची आली ५०६ मिलिबार्न प्रति जीईव्ही-वर्ग आणि उतार आला १९.९. उंची भागिले उतार केलं की इलॅस्टिक क्रॉस सेक्शन, म्हणजे अशा टकरीची शक्यता क्षेत्रफळाच्या मापात, मिळतो, २५.४ मिलिबार्न.

मग ऑप्टिकल प्रमेय. पुढे सरळ जाणाऱ्या इलॅस्टिक प्रकीर्णनावरून सगळ्या प्रकारच्या टकरींची बेरीज सांगणारं हे सूत्र जादूसारखं आहे. ५०६ ला १९.५७ ने गुणा. हा आकडा म्हणजे सोळा गुणिले पाय गुणिले ०.३८९. आलेल्या उत्तराला एक अधिक ऱ्होचा वर्ग, म्हणजे ऱ्हो (सरळ पुढच्या प्रकीर्णनाच्या ॲम्प्लिट्यूडच्या वास्तव आणि काल्पनिक भागांचं गुणोत्तर) ०.१४ धरून १.०२ ने भागा. वर्गमूळ घ्या. मोबाइलवर करा. ९८.५ च्या आसपास येईल. टोटेमने छापलेला आकडा ९८.६, कमी-जास्त २.२ मिलिबार्न. माझ्या पहिल्या महिन्यात हे गणित मी कँटीनच्या कागदी रुमालावर केलं आणि उत्तर जुळल्यावर आजूबाजूला बघितलं, कोणाला सांगू म्हणून. सगळे जेवत होते.

तो ऱ्हो मोजायचा असेल तर याहून बारीक टीला जावं लागतं, जिथे प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण आणि त्यांचं केंद्रकीय बल एकमेकांत मिसळतं. २५०० मीटरचे रन त्यासाठीच होते. १३ टीईव्हीला तिथे ऱ्हो ०.१०च्या आसपास आला, अपेक्षेपेक्षा कमी, आणि त्यातून ऑडेरॉनची, म्हणजे तीन ग्लुऑनांच्या एकत्रित देवाणघेवाणीची, चर्चा पुन्हा पेटली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ल्युमिनॉसिटीचं दुखणं

मोजलेल्या संख्येचं मिलिबार्नमध्ये रूपांतर करायला किती टकरींची संधी होती, म्हणजे ल्युमिनॉसिटी, हे कळावं लागतं. याच बोगद्यात २००० सालापर्यंत लेप यंत्र होतं. तिथे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचं लहान कोनातलं प्रकीर्णन मोजून ल्युमिनॉसिटी काढत. त्याचं नाव भाभा प्रकीर्णन, आपल्या होमी भाभांनी १९३०च्या दशकात त्याचं गणित मांडलं म्हणून. ते गणित इतकं पक्कं की मोजलेली संख्या भागिले गणितातली संख्या, झालं काम. प्रोटॉनला ही सोय नाही. मग एकतर बीम एकमेकांवरून सरकवून केलेल्या स्कॅनवर विसंबायचं, किंवा इलॅस्टिकसोबत प्रोटॉन फुटलेल्या टकरीही मोजून ल्युमिनॉसिटी हिशेबातून काढूनच टाकायची. दुसऱ्या वाटेला अगदी पुढे निसटणाऱ्या, हलक्या वस्तुमानाच्या टकरी दिसत नाहीत आणि त्यांचा अंदाज घालावा लागतो.

या दुखण्यावर अजून औषध नाही. १३ टीईव्हीला टोटेम ११०.६, कमी-जास्त ३.४ सांगतो. ॲटलास १०४.७, कमी-जास्त १.१. ७ आणि ८ टीईव्हीलाही टोटेमच वर होता. ७ टीईव्हीला दोघांचे उतार मात्र जुळतात, १९.९ आणि १९.७. म्हणून माझा संशय कोनावर नाही, मोजणीच्या एककावर आहे. दोन मोजणीदारांना बांधाची दिशा एकच मिळते, पण क्षेत्रफळ वेगळं येतं, तेव्हा वडील आधी दोघांच्या साखळ्या एकमेकींशेजारी ताणून बघायचे. तसं तुम्हीही पहिल्या दिवसापासून ल्युमिनॉसिटीवाल्यांशी ओळख ठेवा, त्यांच्या बैठकांना जा, कंटाळा आला तरी.

रन संपला की पॉट मागे गॅरेजच्या जागी जातात. प्रत्येकाचा मोटरचा आकडा लॉगबुकात लिहा आणि स्वतःच्या वहीतही लिहा, तारीख-वेळेसकट, कुठल्या भरणीत ते सुद्धा. वर कुठला, खाली कुठला हेही लिहा. मग खुशाल झोपा.